दुबई कोण शोधतंय

२७ ऑगस्ट २००८
विलासची पाटी आज लागली. घराच्या पुढच्या अंगाला, जिथे यांची वकिलीची पाटी होती तिथेच. निळ्या आकाशात उंच इमारत, खाली ‘दुबईत स्वतःचं घर. बुकिंग इथेच, कोल्हापुरात’. खिळेसुद्धा यांच्याच पाटीचे. नवे घ्यायची दानत नाही.

यांच्या तेराव्याला भर पंगतीत हाच दीर म्हणाला होता, “वहिनी, आता जरा मापात बोलायचं. टेलिफोनवर बोलायची नोकरी संपली तुमची.” पंगत हसली. मी आमटी वाढत होते. महिन्याभरात पुढचं अंग त्याच्या नावावर, मागचं माझ्या. तेव्हापासून ये-जा मागच्या दाराने. गप्प आहे ती वेळ आलेली नाही म्हणून.

२९ ऑगस्ट
गडहिंग्लजहून शालूचा फोन. स्टँडमागचा प्लॉट विकतेय. विलासकडून दुबईत फ्लॅट घेणार.

“अक्का, तिकडनं दर महिन्याला भाडं येतंय की. हितं नुसत्या बाभळी उगवत्यात.”

“फ्लॅट बघितलास?”

“चित्र दावलंय की.”

सख्खी धाकटी बहीण. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी दोघींना एकाच बाकावरून शिकवलं. तिने लग्नानंतर इंग्रजी सोडलं, आणि आता बहुतेक डोकंही. नवरा गेला, मूलबाळ नाही, प्लॉट सोडून तिच्याजवळ काही नाही. आणि शहाणा कोण वाटतो, तर माझा दीर.

८ सप्टेंबर
टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजला परगावचे कॉल जोडत होते तेव्हा गुळाचा भाव चढणार हे मला मार्केट यार्डाच्या आधी कळायचं. कॉल ऐकायचे नाहीत, हा नियम कधी मोडला नाही. गरजच नव्हती. गुजरातचे कॉल वाढले की मागून गूळ चढायचाच. लोक काय बोलतात ते सोडा, कुठे विचारतात ते बघा.

आता तेच कॉम्प्युटरवर. सारा देश शोधायच्या चौकटीत काय टाइप करतो, कोणत्या आठवड्यात जास्त, कोणत्या आठवड्यात कमी, त्याचा आलेख फुकट दिसतो. निवृत्तांच्या सवलतीचं ब्रॉडबँड आहे, ते असं कामी येतंय. ‘दुबई प्रॉपर्टी’ टाकलं, देश भारत. रेघ उन्हाळ्यापर्यंत चढते, मग उतरते. पावसाळाभर उतरतेच आहे.

म्हणजे गिऱ्हाईक पांगायला लागलंय आणि विलास आत्ता दुकान मांडतोय. फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

२१ सप्टेंबर, रविवार
ताराबाई पार्कातल्या हॉटेलात विलासचा ‘माहिती मेळावा’. पितृपंधरवडा म्हणून बुकिंग नाही, नुसती माहिती आणि बटाटेवडे. मी आलेख मोठा छापून नेला. पहिल्या रांगेत बसले. शालू शेजारी, नवी साडी.

प्रश्न विचारा म्हणाला, तशी उठले. कागद उलगडला. मापात बोलले, अगदी त्याने सांगितलं होतं तसं. लोकांचा ओढा उन्हाळ्यापासून ओसरतोय, उद्या हा फ्लॅट विकायचा म्हटलात तर घेणार कोण?

विलासच्या कपाळावर घाम. तो क्षण डबीत घालून ठेवावा असा.

मग हसला. “वहिनी, सध्या म्हाळ चालू हाईत. पंधरवड्यात घर कोण बघतंय? रेघ उतरंल न्हाईतर काय हुईल?”

म्हटलं, रेघ जूनपासून उतरतेय, जूनमध्ये कुणाचे म्हाळ होते? पण ऐकतो कोण. त्यावर पेठ वडगावचा एक गुळाचा व्यापारी उठला. आवाज हॉलच्या बाहेर जाईल असा. “बाई म्हणत्यात ते खरं हाय, पावणं. गिऱ्हाईक पातळ झालंय. म्हंजे घ्यायची येळ हीच की. सौद्यात गर्दी झाल्यावर हात घालतो तो येडा.”

माना डोलल्या. आलेख हातोहात फिरला, सगळ्यांनी कौतुकाने पाहिला. निघताना नावं द्यायला रांग. विलास हात जोडून म्हणाला, “वहिनींनी आज लई मदत केली.”

शालूनेही नाव दिलं.

वडा खाल्ला नाही. एवढंच काय ते.

९ ऑक्टोबर, दसरा
विलास सोनं द्यायला आला नाही, माणसाकरवी आपट्याची दोन पानं पाठवली. शालूने आजच्या मुहूर्तावर पहिला हप्ता भरला. वडगावच्या व्यापाऱ्याने दोन फ्लॅट घेतले. विलासने स्वतःसाठी तीन, पुढच्या अंगावर कर्ज काढून. शालूने मोठ्या भक्तिभावाने सांगितलं. “त्यांनी सोताचं घर लावलंय अक्का, त्ये काय फशीवत्यात?”

फसवत नाही, हे मलाही पटलं. तो लबाड नाही, मूर्ख आहे. जास्त बरं.

२ नोव्हेंबर
पंधरवडा संपला, दसरा झाला, दिवाळी झाली. रेघ वर यायला हवी होती. दिवाळीच्या आठवड्यात इवलीशी उचलली, बस. म्हाळाचं कारण निकालात निघालं. सांगायला मात्र कोणी हॉलमध्ये बसलेलं नाही.

१२ नोव्हेंबर
आज वेगळे शब्द टाकून पाहिले. ‘दुबई फ्लॅट बुकिंग रद्द’. ‘पैसे परत’. इंग्रजीत, चार-पाच तऱ्हांनी. उन्हाळ्यात ही रेघ जमिनीला चिकटलेली. आता उभी चढतेय.

आलेख माणसं मोजत नाही, नुसता ओढा दाखवतो, हे मला कळतं. पण घर घेतलेला माणूस ‘रद्द’ उगीच टाइप करत नाही. तिकडे काहीतरी मोडलंय. इथल्या पेपरात अजून अक्षर नाही.

विलासचे तीन फ्लॅट. पुढच्या अंगावरचं कर्ज. बँक येईल, पाटी उतरवेल, खिळ्यांसकट. मला काही करायचं नाही, नुसतं मागच्या दाराशी बसून राहायचं. चहा केला, दोनदा.

मग शालू आठवली. चहानंतर. तेही लिहून ठेवते.

१५ नोव्हेंबर
शालूचा दुसरा हप्ता महिनाअखेर. आत्ता सोडलं तर पहिलाच जातो. भरला तर प्लॉटचं सगळं आलेलं तिकडे गेलं.

फोन केला. म्हटलं, भरू नकोस, आणि विलासला बोलू नकोस.

“त्यांना न सांगता कसं? दोघांनी बरोबर घेतलंय. विलासराव भरतील तर मी भरीन, ते सोडतील तर मी सोडीन.”

“मी सांगते ते पुरत नाही?”

मग म्हणाली, “अक्का, तुझं त्यांच्याशी वैर हाय. माझा प्लॉट त्यात घालू नगंस.”

ठेवला फोन. मी की तिने, आठवत नाही.

म्हणजे शालूला वाचवायचं तर आधी विलासला वाचवायचं. ही शिक्षा कुणी शोधून काढली असेल त्याला माझा नमस्कार.

२० नोव्हेंबर
दोन आलेख छापले. एक ‘रद्द’चा. दुसरा ‘दुबई प्रॉपर्टी’चा, पण फक्त दिवाळीच्या आसपासचा तुकडा. तेवढाच कापला की इवलीशी उचल डोंगरासारखी दिसते, बघणारा पुढचा हप्ता भरूनच मोकळा होईल. दुसरा कशाला छापला ते मला विचारू नये.

२३ नोव्हेंबर, रविवार
दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. विलास. या दाराशी पहिल्यांदाच. चपला काढून उभा, दाढी वाढलेली.

“शालूताई म्हणत हुत्या, तुम्ही कॉम्प्युटरवर कायतरी बघितलंय. तिकडनं फोन उचलंनात. मला काय सुधरंना झालंय. दावता का, वहिनी?”

वहिनी हा शब्द त्याच्या तोंडून असा कधी ऐकला नव्हता. बरं वाटलं. वाईट इतकंच वाटलं की फार बरं वाटलं.

बस म्हटलं नाही. म्हटलं, उद्या दहाला ये.

दोन्ही कागद टेबलावर आहेत. दोन्हींवरची रेघ वरच जाते.