मिठाचं चिऊला विचारा

अहो,

मी सलाईनला दवाखान्यात चालले. शेजारच्या ताई सोबत आहेत, काम टाकून धावत येऊ नका. डाळ शिजली आहे, पण मीठ घातलेलं नाही. चिऊला स्टुलावर उभं करून तिच्या तळहातावर थेंबभर द्या आणि ती सांगेल तेवढंच मीठ घाला. लहानपणी आई मला असंच विचारायची, "बघ गं, जमलंय का?" तेव्हा वाटायचं, सगळं घर माझ्याच जिवावर चाललंय. चिऊलाही तसंच वाटत असणार. औषधांनी माझी चव गेली आहे, हे तिला कळू दिलं नव्हतं. तुम्हालाही नाही.

काल ती शाळेत होती म्हणून मीच अंदाजाने मीठ घातलं, बहुतेक दोनदा. तुम्ही दोघं मुकाट्याने जेवलात आणि वर तांब्याभर पाणी प्यायलात. मी आत जरा आडवी झाले, तर तुम्ही तिला बजावत होतात, "आईला सांगायचं नाही हं."

अहो, जीभ गेली असली तरी कान शाबूत आहेत माझे. खारट झालं तर सरळ खारट म्हणा. निदान भांडता तरी येईल.