वीव्हर्स फुटबॉल क्लबचा एकमेव खरा इतिहास

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

संकल्प. 'सोलापूर वीव्हर्स फुटबॉल क्लब'चा संपूर्ण इतिहास मार्चअखेर लिहून काढायचा. क्लबच्या स्मरणिकेसाठी. मला कोणी सांगितलेलं नाही. खरा इतिहासकार आमंत्रणाची वाट बघत नाही.

उद्देश दोन. एक, सत्य. दोन, सेक्रेटरी शिवयोगी हत्तुरेचा बुरखा फाडणे. (क्रम नंतर ठरवू.)

कालखंड पाडले. गिरणी कामगारांनी मिलच्या मैदानावर क्लब काढला, तो बाल्यकाल. क्लब प्रोफेशनल झाला, खेळाडूंना पगार सुरू झाले आणि कॉलेजातली हेडक्लार्की सांभाळून मी, चिंतामणी मोहोळकर, टीम मॅनेजर झालो, ते सुवर्णयुग. मला काढल्यापासून आजपर्यंत अंधारयुग.

सुवर्णयुगात टीम पहिल्या डिव्हिजनमधून दुसऱ्यात घसरली, हे लोक फार उगाळतात. पण घसरताना शिस्त होती. भर एप्रिलमध्ये सगळी टीम बसमध्ये टाय लावून बसायची. हे कोणी सांगत नाही.

मला काढण्याचा ठराव सर्वानुमते झाला, असं हत्तुरे म्हणतो. सर्वानुमते म्हणजे माझाही हात वर होता. मला वाटलं, चहा किती सांगायचा ते विचारतायत.

१२ जानेवारी, रविवार

नवी कोच बघितली. सुकन्या नाव. सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. कोचिंगची सगळी सर्टिफिकेटं आहेत म्हणे. मी पुरोगामी आहे, बाई कोच असण्याला माझा अजिबात विरोध नाही. ही बाई कोच असण्याला आहे. खेळाडूंना शिट्टी न वाजवता तोंडाने हाका मारते. माळावर हाकतात तशा.

भाकीत लिहून ठेवतो: पहिल्या तिन्ही मॅच हरणार.

संध्या. ७. दोन-शून्य जिंकले. अपवाद.

अनसूया (पत्नी) भिशीच्या बायकांबरोबर गड्ड्याच्या जत्रेला म्हणून गेली होती. परत आली ती ऊन लागून लालबुंद. जत्रेतून मैदानावर गेल्या म्हणे सगळ्या, कोच बाई आहे ती बघायला. आयुष्यभर मी फुटबॉल समजावून सांगितला तेव्हा हिला जांभया यायच्या. आज मला ऑफसाइड समजावून सांगितला. बरोबर होता. मी चुकीचा म्हणून सांगितला.

१९ जानेवारी, रविवार

परत जिंकले. समोरची टीम आजारी वाटत होती असं ऐकलं. (कोणाकडून ते आठवत नाही.)

अनसूयाने क्लबच्या रंगाचं उपरणं आणलंय. माझ्या घरात, खुंटीवर, माझ्या छत्रीशेजारी. छत्री हलवली.

इतिहासाची प्रस्तावना पूर्ण. त्यात माझे आभार मानले आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार

जुने फोटो बघायला क्लबच्या ऑफिसात गेलो. हत्तुरे उठून उभा राहिला, या काका म्हणाला, चहा मागवला. लबाडीची परिसीमा. वर म्हणतो, काका, मॅचला का येत नाही, पास देतो की. पास बघितला. मागच्या स्टँडचा! ज्या माणसाने या क्लबला टाय दिला त्याला मागचा स्टँड! मी म्हणालो, माझा बहिष्कार आहे. तो म्हणाला, असू द्या, बहिष्कार संपला की या. पास टेबलावरच ठेवून आलो. चहा प्यायलो, कारण तो क्लबचा होता, हत्तुरेचा नव्हे.

माझ्या काळातला टीमचा फोटो शोधला. दाराच्या मागे टांगलाय. दार उघडं असलं की दिसत नाही, आणि दार कायम उघडं असतं. पारदर्शक कारभार म्हणे.

आज पाण्याचा दिवस होता हे विसरलो. नळ येऊन गेला. अनसूया मॅचला. पिंप कोरडं. यालाही हत्तुरे जबाबदार.

९ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!!

टीमचा हीरो सध्या धनाजी. वैरागचा पोरगा, फॉरवर्ड, सगळे गोल त्याचेच. आज मोबाइलवर एका वैरागवाल्याने टाकलेला फोटो बघितला. धनाजी गळ्यात हार घालून, हातात चषक, अंगात भलत्याच टीमची जर्सी! तारीख गेल्याच महिन्यातली. लीगचा नियम मला तोंडपाठ आहे (समितीत असताना मीच त्याचं मराठी भाषांतर केलं): एका मोसमात खेळाडूने एकाच क्लबकडून खेळायचं. मोडला तर त्याचं रजिस्ट्रेशन रद्द, क्लबचे पॉइंट जप्त.

सूडबुद्धी नाही. इतिहास स्वच्छ हवा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लीगच्या ऑफिसला ई-मेलने तक्रार पाठवली. सोबत फोटो. भाषा कडक पण खानदानी. खाली सही 'एक हितचिंतक'. नाव कुठेही नाही. तीनदा तपासलं.

हलकं वाटतंय. जेवणात शेंगाचटणी जास्त घेतली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गडबड झाली आहे. तपशील:

(अ) लीगने चौकशी केली. फोटो वैरागच्या क्रिकेट स्पर्धेचा निघाला. गावातल्या यात्रेत पोरं क्रिकेट खेळली, धनाजी सुट्टीवर गेला होता, तोही खेळला. लीगने लिहिलंय की फोटोत मागे स्टंप स्पष्ट दिसतात. मी बघितलं. दिसतात. पण ते गोलपोस्टही असू शकले असते. लांबून.

(ब) लीगने माझा ई-मेल जसाच्या तसा क्लबला पाठवला. 'एक हितचिंतक'च्या खाली कॉम्प्युटरने आपोआप छापलं होतं: चिं. वा. मोहोळकर, अधिकृत इतिहासकार व माजी टीम मॅनेजर, सोलापूर वीव्हर्स. शेजारी माझा टायमधला फोटो. पुतण्याने गेल्या दिवाळीत हे सेटिंग करून दिलं होतं. पुतण्याशी संबंध तोडले.

(क) क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलं. अनसूया अजून ग्रुपमध्ये आहे. तिने सगळं वाचलं. ताटात कडक भाकरी ठेवली. सोबत काहीच नाही. दहीसुद्धा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सुकन्या घरी आली. मी आतल्या खोलीत आजारी पडलो. अनसूया म्हणाली, ते अगदी बरे आहेत, बसा. बाहेर यावं लागलं.

भांडायला आली असती तर मुद्दे तयार होते. पण ही बाई मोठ्याने बोललीच नाही. म्हणाली, काका, धनाजी दोन दिस जेवला न्हाय. त्येला वाटलं नोकरी गेली. घरी पैशे त्योच धाडतोय की. मी म्हणालो, नियमाला भावना नसतात. ती म्हणाली, व्हय, नियमाला नसत्यात. आणि अनसूयाकडे वळली. अर्धवट वाक्यं टाकून जाणाऱ्या लोकांचा मला राग येतो.

मग अनसूयाला तिने सांगितलं ते मी ऐकलं (पेपर वाचत होतो): शेवटची मॅच अकलूजला, अकलूज रेंजर्सशी. जिंकलो तर पहिल्या डिव्हिजनमध्ये. बरोबरी झाली तरी अकलूजवालेच वर जाणार. आणि वर न्हाय गेलो तर स्पॉन्सर सोडून जातंय. मग पुढच्या वर्सी क्लबच न्हाय.

अनसूयाच्या डोळ्यात पाणी. माझ्या ऑपरेशनच्या वेळी नव्हतं.

माझा दृष्टिकोन: क्लब बंद पडला तर इतिहासाला चांगला शेवट मिळेल. 'अंधारयुग व अस्त.' लिहायला बसलो. सुचलं नाही. उकाडा फार.

१ मार्च, शनिवार

निर्णय. उद्या अकलूजला जाणार. पराभव इतिहासकाराने डोळ्यांनी बघायला हवा. बहिष्कार आहे, तेव्हा आपल्या लोकांत बसणार नाही. गुप्तपणे अकलूजवाल्यांच्या स्टँडमध्ये बसणार. वेश: कानटोपी आणि काळा चष्मा.

अनसूया क्लबच्या बसने जाणार आहे. मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. फक्त म्हणालो की उद्या मी दिवसभर घरीच लिहीत बसणार आहे. ती म्हणाली, कानटोपी वरच्या कपाटात आहे, उन्हाची घालू नका.

२ मार्च, रविवार, सकाळी ११, टेंभुर्णी

एस.टी. चहाला थांबली. त्याच हॉटेलसमोर आपली बस! मी कांद्याच्या पोत्यांमागे उभा आहे, तिथूनच हे लिहितोय. अनसूयाच्या गळ्यात हलगी. हलगी! भजी खात हत्तुरेशी हसून बोलतेय. लेझीमसुद्धा नको म्हणणाऱ्या घरातली बाई.

धनाजी एकटाच झाडाखाली बसलाय. चहा घेतला नाही त्याने. लांबून एवढा मोठा वाटत नाही. मॅचच्या दिवशी खेळाडूने उपाशी राहणं चूक आहे. मी मॅनेजर असतो तर केळं दिलं असतं.

हॉटेलवाल्याला सांगून केळं पाठवलं. कोणी दिलं ते सांगू नको म्हणालो. हे कुठेही नोंदवायचं नाही.

२ मार्च, संध्याकाळ, परतीची एस.टी.

अक्षर वाकडं येतंय. बस खड्ड्यातून जाते म्हणून.

ठरल्याप्रमाणे अकलूजवाल्यांत बसलो. शेजारी एक जाडजूड गृहस्थ, बाळासो नावाचे, कारखान्यात नोकरीला, मुळात सज्जन. मला उसाचा तुकडा दिला. शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत शून्य-शून्य. आपली पोरं धावून धावून मेली होती. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. हातातला तुकडा गोड लागेना. ऊस कोवळा असावा.

मग बाळासो म्हणाले, सोलापूरला फुटबॉल कुटनं आला ओ? चादर हातरून खेळत्यात व्हय? मी ऊस चावत राहिलो. इतिहासकाराने अलिप्त राहावं. मग म्हणाले, ह्यांच्या क्लबला इतिहासच न्हाय.

त्यानंतर मी उभा राहिलो, असं म्हणतात. मी त्यांना शांतपणे समजावलं की गिरणीचा भोंगा झाल्यावर रिकाम्या पोटी प्रॅक्टिस करणाऱ्यांनी हा क्लब काढला, ती पहिली टीम अनवाणी खेळली, आणि आत्ता मैदानावर आहे तो धनाजी तुमच्या अख्ख्या तालुक्याला भारी आहे. बाळासो म्हणाले, खाली बसा, दिसंना. मी बसलो नाही. कानटोपी काढून फिरवत होतो, हे मला सिक्युरिटीवाल्याने नंतर सांगितलं. धक्का बाळासोंनी आधी दिला. ऊस मी आधी उगारला. चष्मा फुटला तो माझा.

दोन सिक्युरिटीवाल्यांनी मला दंड धरून गेटबाहेर काढलं. मी सांगितलं, मी अधिकृत इतिहासकार आहे. ते म्हणाले, मग भाईरनं लिवा.

बाहेर भिंत उंच. रसाच्या गाड्यापाशी उभा होतो तेवढ्यात आतून आवाज उठला. गोल! पण कोणाचा? मी रसवाल्याचा हात धरला. त्याने कान दिला आणि म्हणाला, तुमचाच आसंल. आमची मान्सं वरडली तर गाडा हालतो.

मग हलगी ऐकू आली.

पुढचं नीट आठवत नाही. रसवाला म्हणतो मी त्याला मिठी मारली. शर्टावर डाग आहे खरा.

३ मार्च, सोमवार

पेपरात पहिल्या पानावर. वीव्हर्स पहिल्या डिव्हिजनमध्ये. एकमेव गोल धनाजीचा. क्लबच्या इतिहासातला सर्वात मोठा क्षण, असं पेपरवाल्याने लिहिलंय, कोणाला न विचारता.

माझ्या हस्तलिखितात त्या गोलची जागा रिकामी आहे. कोणत्या पायाने? पास कोणाचा? अनसूयाला सहज विचारलं. ती म्हणाली, का, तुम्ही घरी लिहीत बसला होतात ना? फुटक्या चष्म्याकडे बघत म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, सगळं बघितलं मी, गेटवर नेईपर्यंत. पुढे गोल आला, मग तुमच्याकडे बघायला सवड झाली नाही.

८ मार्च, शनिवार

मोठी बातमी. हत्तुरे स्वतः घरी आला. स्मरणिका निघणार. त्याने इतिहासाचा विषय काढताच मी फाइल घेऊन बाहेर आलो. तो म्हणाला, वा काका, लिहीत राहा. आणि अनसूयाकडे वळून म्हणाला, काकू, त्या गोलवर तुम्हीच लिहा, अगदी तोंडाने सांगता तसं. पहिलं पान तुमचं.

मला काय? मी अत्यंत थंडपणे विचारलं. हत्तुरेने डोकं खाजवलं. अनसूया म्हणाली, यांचं शुद्धलेखन चांगलं आहे, तेवढं तपासतील.

म्हणजे मुख्य संपादक. हा अखेर माझा विजय आहे. हत्तुरेला शरण यावं लागलं.

दुपारी अनसूयाने मजकूर आणून दिला. लाल पेन घेऊन बसलो. हयगय करायची नाही असं ठरवलं. पहिलंच वाक्य: 'गोल झाला तेव्हा आमचे हे मैदानाबाहेर होते.'

दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.