माझा लूप कुणी चेपला?

२ मार्च, सकाळ
निर्णय पक्का. कन्या रोलर कोस्टर डिझायनर होणार. इच्छा तिची, सातवीपासूनची. योजना माझी. ती मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून सही-शिक्क्याचं बघेल, रचना मी करीन. डिग्री तिची, डोकं माझं.
माझी पात्रता: पडद्यांचे ट्रॅक बसवण्यात अख्खी हयात. कुठल्याही क्लासला न जाता. रोलर कोस्टर म्हणजे शेवटी काय? वाकवलेला ट्रॅक आणि त्यावरून पळणारी चाकं. माझा पडदा आजवर वळणावर अडकलेला नाही.
ही म्हणाली, पडद्यात माणसं बसलेली नसतात.
बायकोची झेप तेवढीच.

५ मार्च
कन्येने अर्ज केलाय त्या कॉलेजच्या मॅडमचा फोन. कन्येने स्पीकरवर टाकला. मॅडम म्हणाल्या, गणित-फिजिक्स पक्कं हवं, मग मेकॅनिकलची चार वर्षं, सोबत डिझाइनचं सॉफ्टवेअर, सुट्टीत एखाद्या पार्कात देखभालीचं काम, म्हणजे रोज सकाळी नटबोल्ट तपासायचे, आणि मग कुठे कंपनीत ज्युनियर.
मी मध्येच विचारलं, अनुभवी माणसाला थेट वरच्या जागेवर घेतात का?
त्या म्हणाल्या, कोण बोलतंय?
कन्येने स्पीकर बंद केला.
मुलाखत २८ तारखेला. स्वतः केलेलं चालतं मॉडेल न्यायचं. कन्येने दुसरीकडे कुठेही अर्ज केलेला नाही. हेच कॉलेज, नाहीतर वर्ष वाया. काळजीचं कारण नाही. मी आहे.

८ मार्च
मॉडेल सुरू. पडद्याचे दोन अॅल्युमिनियम चॅनेल, गाडीला पडदा सरकवणाऱ्या रनरची चाकं. लूप, म्हणजे गाडी उलटी होऊन फिरते तो गोल, मी वाकवला, आमच्या मोठ्या कुकरवर. गोल वाकवायला कुकरसारखं साधन नाही. व्यास कुठूनही मोजा, मिलिमीटरचा फरक नाही.
ही विचारत होती, कुकर कधी मिळणार. जेवण उशिरा झालं. सगळे चिडले. शोध लागताना हे असं होतंच.
गाडीत प्रवासी म्हणून कच्चं अंडं बसवायचं, ही कल्पना कन्येची. अंडं टिकलं तर माणूस टिकेल.

९ मार्च
अंडं फुटलं. शिळं असावं.

१० मार्च
आणखी दोन. दुकानदाराला जाब विचारला. तो म्हणाला, काका, अंडी खायला असतात.
दुकान बदलणार.

१४ मार्च
मेहुणा आला. हिचा भाऊ, मास्तर आहे. मी मनात त्याला पदवीधर म्हणतो. तो आणि कन्या बराच वेळ कागदावर रेघोट्या मारत बसले. मग कन्या म्हणाली, बाबा, लूप पूर्ण गोल नको. गाडी सरळ रुळावरून एकदम गोलात शिरली की दणका बसतो. माणसाचं वजन सहापट होतं, मानेचे हाल होतील. खाली वळण सैल हवं आणि वर घट्ट. उलट्या थेंबासारखा.
मी म्हणालो, प्रवाशांनी नीट बसायला शिकावं.
पदवीधर म्हणाला, भावजी, ऐका पोरीचं. पुस्तकात हेच लिहिलंय.
मी विचारलं, पुस्तक लिहिणाऱ्याने कधी चॅनेल वाकवलाय का?
 कन्येने कागद घडी करून वहीत ठेवला. पटलेलं दिसतंय.

१८ मार्च
सहकुटुंब पार्कात. मनोरंजन नव्हे, पाहणी. ही आणि कन्या तीनदा बसल्या. मी खाली थांबलो. रचना खालूनच समजते. शिवाय बॅगा, चपला, पाण्याची बाटली कुणीतरी सांभाळायला हवीच.
ही वरून ओरडत होती, अहो, या की! मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.
त्यांचा लूप गोल नाही. खाली निमुळता होत जातो. अगदीच ढिसाळ काम. एवढा मोठा कुकर त्यांना मिळाला नसणार.

२४ मार्च, संध्याकाळ
दिवसभर गिऱ्हाइकाकडे. घरी आलो तर ही म्हणाली, आज एकही अंडं फुटलं नाही, सुटले बाई त्या ऑम्लेटमधून. कन्या हसत होती. हाताच्या बोटांना पट्ट्या. कसल्या, ते विचारायचं राहिलं.
दुकान बदलल्याचा परिणाम. मी म्हणालोच होतो.
मॉडेल कापडाखाली झाकलेलं आहे. आता त्याला हात लावू नका, असं कन्या मला बजावून गेली. मी कशाला लावतोय? माझं काम केव्हाच पूर्ण झालंय.

२७ मार्च, दुपार
घात झाला!
शेवटची नजर टाकावी म्हणून कापड काढलं. लूप चेपलेला! वर फुगीर, खाली निमुळता. थेंबासारखा, तोही उलटा. कुणीतरी त्यावर बसलंय. कुणी, ते उघड आहे. काल पदवीधर याच खोलीत चहा प्यायला. तो बसला की वस्तूचा आकार बदलतो, आमच्या सोफ्याला विचारा.
उद्या मुलाखत. कन्या तयारीसाठी मैत्रिणीकडे. तिला कळलं तर हाय खाईल. हिलाही बोललो नाही, भावाची बाजू घेईल. ही बाजारात गेल्यावर कुकर काढला, चॅनेल सोडवले, पुन्हा वाकवले. दुपारची झोप गेली. पण गोल असा आला की पहिल्यापेक्षा सरस. कापड होतं तसंच टाकलं, चुण्यांसकट.
उपकार करावेत ते असे. कुणाला पत्ता लागता कामा नये.

२८ मार्च, संध्याकाळ
पदवीधर कन्येला गाडीने मुलाखतीला घेऊन गेला होता. ती परत आली ती बूट न काढता थेट खोलीत. दार बंद. हिने भावाकडून काढून घेतलं ते असं: अंडं फुटलं. मोठ्या सरांच्या शर्टावर.
मी दाराबाहेरून विचारलं, अंडं कुठल्या दुकानातलं नेलंस?
बऱ्याच वेळाने दार उघडलं. म्हणाली, बाबा, लूप तुम्ही गोल केलात?
म्हटलं, अर्थात. तुझ्या मामाने चेपून ठेवला होता.
ती म्हणाली, तो मी केला होता. तुम्ही कामावर गेलात की करत होते, कारण तुमच्यासमोर काही करायची सोय नाही. बोटं सोलली माझी. आणि तुम्ही मला एका शब्दाने न विचारता...
मी म्हणालो, न विचारता हात लावायला आधी सुरुवात कुणी केली?
दार पुन्हा बंद.

२९ मार्च
विश्वासघात. माझ्या घरात, माझ्याच पक्कडीने, माझ्याच लूपवर. पोटच्या पोरीने. हीसुद्धा सामील. म्हणते, सांगणार होते, पण तुम्ही ऐकता कुठे? पदवीधर तर मुळापासून सामील. साऱ्या घरात एक कुकर तेवढा माझ्या बाजूने.
संकल्प: आजपासून कुणाशीही बोलायचं नाही.
रात्री: अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

२ एप्रिल
जेवताना कन्या मीठ आईकडे मागते. मीठ माझ्यासमोर असतं.

६ एप्रिल
पदवीधर आला. मी पेपर वर धरला. तो पेपरालाच सांगत बसला. कन्येने गाडीत त्याला सगळं सांगितलं होतं म्हणे. अंडं फुटल्यावर तिने आधी सरांचा शर्ट पुसला. मग फळ्यावर दोन लूप काढले, एक गोल आणि एक थेंबाचा, आणि गोलात अंडं का फुटतं ते समजावून सांगितलं. सरांनी विचारलं, एवढं माहीत होतं तर गोल कशाला आणलास? ती म्हणाली, निघताना कापड काढून बघितलं नाही. माझी चूक झाली.
माझं नाव घेतलं नाही.
घ्यायला हवं होतं. काम माझं आहे. इतका अचूक गोल त्या सरांनी उभ्या जन्मात पाहिला नसेल.
पेपर उलटा धरलेला होता, हे पदवीधर गेल्यावर हिने सांगितलं.
रात्री मीठ मी कन्येच्या ताटाजवळ सरकवलं. तिने घेतलं. भाजी आधीच खारट होती. तरी घेतलं.

२० एप्रिल
निवड झाली! माझी योजना फळाला आली. हिने भावाला फोन केला, कन्येने मैत्रिणीला. मला कुणी फोन करण्याचा प्रश्न नव्हता, मी तिथेच उभा होतो.
मॉडेल कॉलेजने ठेवून घेतलंय. परत द्यायला तयार नाहीत. आता पटली ना किंमत?

१ ऑगस्ट
कन्येला कॉलेजच्या वसतिगृहात सोडायला गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला. मॉडेलच्या कर्त्याला कुणी ओळखलं तर बरं दिसावं.
लॅबमध्ये शिरल्याबरोबर काचेचं कपाट. आत माझा लूप. खाली छापील पाटी: पूर्ण गोल लूप. असा करू नये.
नाव नाही.
पाटी दोनदा वाचली. मग शिपायाला म्हणालो, कपाट उघडा, पाटी उजवीकडे उतरलीय. तो म्हणाला, काका, काचेला हात नका लावू.
कन्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, बाबा, दरवर्षी नवी मुलं आली की आधी हेच बघणार.
मी विचारलं, पण गोल बरोबर आहे ना?
म्हणाली, एकदम बरोबर. कुठूनही मोजा.
आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो काढेपर्यंत मी पाटीविषयी बोललो नाही.

५ ऑगस्ट
घर शांत. अंडी आता महिनाभर पुरतील.
नवं काम आलंय. एका बाईंच्या दिवाणखान्याला अर्धगोल खिडकी, तिला ट्रॅक हवाय. इथे गोलच लागतो. वादाला जागाच नाही. सगळी मापं घेतली, कुकर टेबलावर मांडला, चॅनेल त्याला लावला.
मग बाजूला ठेवला, आणि कन्येला फोन करून विचारून घेतलं.