शेवटची सोळा पानं

३ नोव्हेंबर

मी केलं. काकांनी नाही. निदान इथे तरी लिहून ठेवते.

ग्रंथपाल बाई आज स्वतः दुकानात आल्या. आम्ही बांधून दिलेली दोन पुस्तकं त्यांनी टेबलावर ठेवली, एक डिटेक्टिव्हचं, एक हेराचं. डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, खुन्याचं नाव सांगायला तोंड उघडतो — पान उलटलं की भलताच माणूस बर्फातून सरहद्द ओलांडतोय! आणि हेर सरहद्दीवर पोचतो तोच दिवाणखान्यात आचारी रडत कबुली देतो. मला हसू फुटणार होतं. बाई हसत नव्हत्या. म्हणाल्या, अशी आणखी तक्रार आली तर वाचनालयाचं काम दुसरीकडे द्यावं लागेल. वाचनालयाचं काम म्हणजे आमचं अर्धं दुकान.

बाबा आणि काका शाळेत गेलेले नाहीत. आकडे येतात, अक्षरं नाहीत. बांधणीला तेवढं पुरतं. सोळा पानांचा एक फर्मा, फर्म्याच्या पायाशी त्याचा आकडा. काका आकड्यांवरून जुळवतात, बाबा शिवतात. पुठ्ठ्यावर नाव मी लिहिते, घरात वाचता येणारी मी पहिलीच. या दोन पुस्तकांचा आकार एकच, आणि दोन्हींचा शेवटचा फर्मा बारावा. काकांनी गठ्ठे बरोबरच लावले होते. त्यातून दोन्ही बारावे मी उपसले, दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचायला. कॉलेजच्या निबंधासाठी! परत ठेवताना अदलाबदल झाली. आकडा बरोबर, पुस्तक चूक. हे त्या दोघांना दिसणं शक्यच नव्हतं.

बाई गेल्यावर बाबा काकांना म्हणाले, "तुझे डोळे गेले रे."

काका म्हणाले, "असेल."

मी पुठ्ठ्यावरची अक्षरं पुन्हा गिरवत बसले.

४ नोव्हेंबर

बाबांनी काकांना पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळायला बसवलं. जुळवणी माझ्याकडे. खिडकीजवळचं काकांचं स्टूलही माझ्याकडे.

६ नोव्हेंबर

निबंधाचा विषय मॅडमनी दिलेला: डिटेक्टिव्ह अधिक भावतो की हेर? पाच पानं हवीत. अर्धा झाला.

मी लिहिलंय की डिटेक्टिव्ह सगळं होऊन गेल्यावर येतो. प्रेत आधीच पडलेलं असतं, त्याच्यामुळे काही झालेलं नसतं. तो हात न मळवता बघतो, विचार करतो आणि बोट दाखवतो. वाचणाऱ्याला गार वाटतं, कारण ते बोट आपल्याकडे नसतं. हेराचं तसं नाही. तो ज्यांच्या ताटाला ताट लावून जेवतो त्यांच्याशीच खोटं बोलतो. डिटेक्टिव्हचं आपल्याला कौतुक वाटतं. हेरासाठी मात्र छातीत धडधडतं — दाराची कडी वाजली की आपणच दचकतो.

लिहिताना समोर काका खळ ढवळत होते. वही मिटली.

आणखी एक गोष्ट त्या पुस्तकांत कधी येत नाही. ज्याच्यावर उगाच आळ येतो तो शेवटच्या पानावर सुटतो. पण मधल्या दोनशे पानांत तो जेवला का? घरच्यांनी त्याच्याकडे कसं पाहिलं?

८ नोव्हेंबर

दुपारी मी वाचून दाखवायची आणि दोघं काम करायचे, हा आमचा चार वर्षांचा शिरस्ता. आज बाबाच म्हणाले, वाच की. वाचलं. मध्येच विचारलं, तुम्हाला कोण आवडतो?

बाबा डिटेक्टिव्हवाले. शेवटी सगळे एका खोलीत बसतात, दूध का दूध होतं, मग माणूस जेवायला मोकळा, असं त्यांचं म्हणणं. हेराचा त्यांना राग आहे. शेवट झाला तरी कोणाला काही कळत नाही, म्हणे, मग कशाला एवढी धावपळ!

काका हेराच्या बाजूचे. म्हणाले, हेराला कोणी शाबास म्हणत नाही, उलट पकडला गेला तर आपलेच लोक ओळख दाखवत नाहीत, तरी बिचारा सकाळी उठून कामाला जातो. मग माझ्याकडे वळून, "काय मास्तरीणबाई, स्टूल कसं आहे? तीस वर्षं घासून गुळगुळीत केलंय तुमच्यासाठी."

बाबा हसले. काकाही हसले. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

९ नोव्हेंबर

आजही नाही सांगितलं.

१० नोव्हेंबर

आईने विचारलं, चेहरा का उतरलाय, परीक्षा आहे का? मी हो म्हणाले. परीक्षा नाही. आईला कॉलेजचं सगळं खरंच वाटतं.

१२ नोव्हेंबर

सांगितलं!

सकाळी दुकान उघडताना. बाबा कुलूप काढत होते, त्यांच्या पाठीकडे बघून मी सगळं एका दमात बोलले. फर्मे मी काढले, मी चुकीचे ठेवले, काकांचा काही दोष नाही, नऊ दिवस गप्प बसले. बाबांनी कुलूप काढून खिशात टाकलं, मग वळले. ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, म्हणजे फिटेल.

"तुला शिकवलं ते वाचायला," बाबा म्हणाले. "लपवायला नाही."

मग आत गेले आणि काकांना माझ्यादेखत म्हणाले, मी चुकलो, तू आपल्या जागेवर बस. थोरला भाऊ धाकट्याला असं म्हणताना मी पहिल्यांदा पाहिला.

काका स्टुलावर बसले. पण मला वाटलं होतं तसा त्यांचा चेहरा खुलला नाही. म्हणाले, पोरीलाच राहू दे की जुळवणीला, मला खळीचा वास आवडायला लागलाय. बाबांनी ऐकलं नाही. मला वाटलं, मोठेपणा! माझा अपराध झाकताहेत. आणखीच लाज वाटली.

१५ नोव्हेंबर

नीट केलेली दोन्ही पुस्तकं परत द्यायला गेले. बाईंनी कपाटातून आणखी तीन काढली. त्यांनी स्वतःच चाळली होती. म्हणाल्या, वडिलांना दाखव, दुरुस्त करून आण, यावेळी सोडते.

बाहेर पायरीवर बसून उघडली. एकात सहाव्याच्या जागी नववा आणि नवव्याच्या जागी सहावा. एकात चौथा फर्मा उलटा, डोकं खाली. एकात दहावा दोनदा आणि अकरावा नाहीच.

एक जमीनमोजणीचं. एक गुरांच्या आजारांचं. एक कर आकारणीचं. यांना मी वाचायला कधीच हात लावलेला नाही.

ही काकांची.

मग खळ का आवडायला लागली ते कळलं. आणि काकांचं ते "असेल". मला वाटलं होतं, भावापुढे पडतं घेतात. ते खरंच सांगत होते. आणि मी त्यांना ओढून परत स्टुलावर बसवलं.

डिटेक्टिव्ह इथे काय करेल ते मला माहीत आहे. निबंधात चांगली चार पानं लिहिलीत त्यावर.

१६ नोव्हेंबर

बाबांसमोर तिन्ही ठेवली आणि मी म्हणाले, हीसुद्धा मीच. वाचायला काढली होती.

बाबांनी पानं उलटली. जमीनमोजणी आणि गुरांचे आजार! अक्षरं येणाऱ्या कोणालाही हसू आलं असतं. बाबांना ते दिसत नाही. त्यांना वाचता येत नाही याचा मी आज पहिल्यांदा फायदा घेतला. चोरासारखं वाटतंय. त्यांनी विचारलं, आणखी आहेत का? मी नाही म्हणाले.

काका मान खाली घालून फर्मे मोजत राहिले. एकच गठ्ठा, तीनदा.

१७ नोव्हेंबर

बाबांचा हुकूम: मी फर्म्यांना हात लावायचा नाही, वाचनही बंद. जुळवणी काकांची, शिवायच्या आधीची शेवटची तपासणीही काकांचीच.

बाबा दोरा आणायला गेल्यावर काकांनी मान वर न करता विचारलं, "किती सापडली वाचनालयाच्या बाईंना?"

"तीन."

काकांनी बोटांवर मोजलं.

"मग दोन अजून बाहेर आहेत."