डब्यातली थंडी

११ फेब्रुवारी २०२५

अमरीनच्या लग्नाचा खर्च सगळ्या मूल गावाला पाठ आहे — मांडव, दोन बोकड, नागपूरचा फोटोवाला. पण लेकीचं लग्न खरं कितीला पडलं ते आज कळलं. सात गायी!

डिसेंबरात लग्नाच्या धांदलीत नऊ दिवस नायट्रोजनच्या डब्यात पट्टी बुडवून पाहिली नाही. पाहिली तेव्हा तळाला चार बोटं उरलेलं. लगेच भरून आणलं. कोणाला बोललो नाही. तेव्हापासून त्या डब्यातल्या गोठवलेल्या रेताच्या कांड्यांनी सात गायी भरवल्या, सातही उलटल्या, पुन्हा माजावर आल्या.

सोमारीची पांढरी तर दोनदा. आज तिच्या अंगणात तिचा नवरा वारलू म्हणतो, "जलालभाऊ, तुमच्या डब्यात थंडीच हाय. वासरू नाई." मी हसलो. काय करणार! सोमारी नाही हसली. गाय तिच्या माहेरची. "आता नाई फळली तं बाजारात नेतो म्हणते हा. मी का करू, भाऊ?"

१२ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. बायको कमरजहाँ म्हणाली, "इतकी धाकधूक हाय तं कांड्या तपासून घ्या ना जी." मी तिला काहीच सांगितलं नव्हतं!

१३ फेब्रुवारी

चंद्रपूरला प्रयोगशाळेत गेलो. दोन कांड्या छोट्या डब्यात. दिव्यानी नावाची पोरगी, पांढऱ्या कोटात. तिने कांडी कोमट पाण्यात धरली, अर्धा मिनिट. थेंब काचेवर, काच सूक्ष्मदर्शकाखाली, चित्र पडद्यावर.

मी पडद्याकडे पाहिलंच नाही. कान देऊन उभा. पंक्चरच्या दुकानात बसायचो तेव्हा पाण्यातला बुडबुडा दिसायच्या आधी ऐकू यायचा — ते कान! मागून दुसरी मुलगी हळूच म्हणाली, "काकांचं बीपी वाढून राह्यलं." ऐकलं मी.

मग पाहिलं. या अल्ला, काय पळापळ! धानाच्या बांधीत पाणी सोडल्यावर मासोळ्या सुटतात तशी.

"शंभरात बावन्न पळून राह्यले, काका. पन्नास लागतात. पास."

डबा वाचला. मी वाचलो. पोरगी पुढेही बोलत होती — "इथी पळतात म्हणजे तिथी पोचतीलच असं नाई. गाय, वेळ, हात, हे आम्हाले नाई दिसत." बरोबर, बरोबर म्हणालो. कागद घडी न घालता घरी आणला.

१६ फेब्रुवारी

सकाळी सोमारीचा फोन. ती बोलायच्या आधीच मागून हंबरणं ऐकलं — गाय माजावर! जाऊन भरवली. त्याच खेपेची कांडी, लाल साहिवाल वळूची.

वारलू बांधावर बसून: "नाई तं कोलूचा सांड हाय ना भाऊ. फुकटात." कोलू त्याचा शेजारी. त्याचा सांड काळा, कपाळावर पांढरा चांद, मागच्या पायाने लंगडा, गावच्या कळपात चरणारा. मी म्हणालो, "त्याचा रिपोर्ट हाय का? माह्याजवळ कागद हाय! नोव्हेंबर सरता सरता लाल वासरू नाई झालं तं हा डबा वैनगंगेत टाकतो."

सोमारी हसली. पहिल्यांदा.

९ मार्च

एकविसावा दिवस; उलटायची असती तर गाय आज माजावर आली असती. फोन वाजला नाही! रोजा असूनही दिवसभर काही खुपलं नाही. शेवटी मीच लावला. सोमारी म्हणाली, "दोन दिस झाले, गाय कळपासंग जंगलात जाते चराले. घरी तं माजावर नाई दिसली."

घरी दिसली नाही म्हणजे नाहीच. इफ्तारीला दोनदा वाढून घेतलं.

२६ मे

पांढरी हात घालून तपासली. गाभण आहे! अंदाजापेक्षा जरा लहान लागलं हाताला, पण आहे. वारलूने बाजाराचं नाव पुन्हा काढलं नाही. बाकी सहाही पुन्हा भरवल्या होत्या, त्यांतल्या चार लागल्या.

कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतला. बापूरावच्या टपरीवर सगळ्यांना दाखवला — "वासरू व्हायच्या आधी या कागदाले माहीत होतं." बापूराव चहा गाळत म्हणाला, "जलालभाऊ, पोटातल्या वासराची पत्रिकाच काढली तुम्ही तं!"

चहाचे पैसे घेतले नाहीत त्याने.

३० नोव्हेंबर

अजून नाही. वारलू फोनवर: "कागदावर तारीख नाई का, भाऊ?"

१४ डिसेंबर

पहाटे व्याली. एकवीस दिवस उशिरा, पण सुखरूप. गाय उभी, चीक भरपूर. सोमारीने गाय गोठ्यातच राहणार म्हणून मला गूळ भरवला.  वारलू नुसता वासराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

कालवड आहे. काळी. कपाळावर चांद.