रिकामा पाळणा

गुरुवार, संध्याकाळ

वैताग आलाय. पाळणा विकायला काढल्यापासून फोनवर सगळ्यांचं एकच, 'लास्ट किती?' नमस्कार नाही, वस्तू बघणं नाही. कंपनीतली शिफ्ट करून आल्यावर कोण डोकं लावणार?

आज संत तुकाराम नगरहून एक नवरा-बायको आले. निदान चहा तरी प्यायले. ती पोटुशी. मग त्याने भाव पाडायला खोट काढली. रीतच आहे ती, मीही काढली असती. 'कडी करकरतेय, भाऊ,' म्हणत त्याने रिकामाच पाळणा हलवला. कडी करकरतेच. पण रिकामा पाळणा हलवला की बाळाला बाधतं, एवढंही ठाऊक नाही? त्याच्या बायकोने झटकन पाळणा धरला. 'अहो, हलवू नका ना!' तो इतका ओशाळला की पुढे भावाचं बोलेचना.

मी अडून बसणार होतो. माझी सुनीताच म्हणाली, 'तुम्हाला जमेल ते द्या.' आणि पाळणा रिकामा जाऊ नये म्हणून तिने आत टोपडं ठेवलं. लेकीचं. दुसऱ्या बाळासाठी म्हणून इतकी वर्षं जपलेलं.

जिना उतरेपर्यंत कडी करकरत होती. दार लावायला आम्ही दोघंही उठलो नाही.