फाटकाच्या आत कुत्री, फाटकाबाहेर डेन्झिल

मी, विल्डा जेन प्रॉप्स्ट, वय शहात्तर, अविवाहित, राहणार हॅकल गॅप, वेस्ट व्हर्जिनिया, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. दुखण्याच्या गोळ्या मी दुपारनंतर घेते, म्हणून हे सारे सकाळी, डोके साफ असताना लिहिले. कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट दोन माणसांनी परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. त्यांची नावे पुढे येतील. १९९८ सालच्या मृत्युपत्रात मी सर्व काही माझा धाकटा भाऊ डेन्झिल याला दिले होते. ते या लिखाणाने रद्द झाले असे समजावे.

माझ्या वकीलबाई लीटा बीन यांनी मसुदा वाचून सांगितले की यातला निम्मा मजकूर कायद्याला लागत नाही. मी म्हटले, कायद्याला लागत नसेल, मला लागतो.

कलम पहिले. टेकडी आणि तिच्यावरची पायवाट.

आमच्या वडिलांनी खालची सपाट शेते डेन्झिलला दिली आणि चौऱ्याऐंशी एकरांची जंगलाची टेकडी मला. लोक म्हणाले, मुलीच्या पदरात दगड पडले. शेजारच्या सरकारी जंगलाच्या तोंडाशी तेव्हा कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी होती. शहरांतून आलेली माणसे ती वाचून गाडी वळवायची आणि मागच्या काचेला नाक लावलेले एखादे कुत्रे माझ्या दारावरून परत जायचे. १९९६ च्या वसंतात मी रस्त्याला फाटक बसवले आणि त्यावर रंगाने लिहिले, ‘इथे कुत्र्यांना वाट आहे. बांधून आणा वा मोकळी सोडा. माणसांनी शिस्तीत राहावे.’

पायवाट मी एकटीने काढली. वर कड्यापर्यंत जाऊन उतरणारे तीन मैलांचे वळण. कुंपणे ओलांडायला माणसांसाठी लाकडी पायऱ्या आणि त्यांच्या शेजारी कुत्र्यांसाठी उचलायची फळी. ओढ्यात उतार असा दिला की आखूड पायांच्या कुत्र्यालाही पाणी पिता यावे. ओढ्याकाठचा पहिला अर्धा मैल मी म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी सपाट करून घेतला, त्यात माझे दोन उन्हाळे गेले. या खोऱ्यात तेवढी सपाट वाट दुसरी नाही. खालच्या रस्त्यावर लाकडाचे ट्रक धावतात आणि बाकी सगळा चढच. हे वाक्य विसरू नये, पुढे त्याचे काम आहे.

ही टेकडी, माझे घर आणि अवजारांच्या खोपीतली सर्व हत्यारे मी रेनाटा हिंकल हिला देत आहे. रेनाटा ओहायोतल्या एका शाळेत स्वयंपाक करायची. २००१ साली ती तीन पायांच्या एका कुत्र्याला घेऊन आली. मी तिला म्हटले, वरपर्यंत त्याला जमणार नाही. ती म्हणाली, “त्याला कुणी अजून तसं सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.” तेव्हापासून ती दर ऑक्टोबरला येते, झुडपे तोडते, वाहून गेलेली माती परत भरते आणि जेवताना फार बोलत नाही. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेले जड हत्यार तिनेच वापरावे. त्याचा दांडा मी तिच्या उंचीचा करून ठेवला आहे.

कलम दुसरे. ज्याच्यामुळे बाकीची कलमे लिहावी लागली.

माझी कुत्री टॅन्झी. तपकिरी, छातीवर पांढरा ठिपका, सहा वर्षांची. २०११ च्या नोव्हेंबरात एका सकाळी ती वाटेवर माझ्यापुढे होती. वाटेपासून दहा पावलांवर, माझ्याच जमिनीत, एक लाकडी खोके होते. आत डब्यातली तारली ठेवलेली आणि तोंडाशी चौकटीचा सापळा, जनावराची मान धरणारा. ती ओरडलीसुद्धा नाही. मी पोचले तेव्हा ती उभी राहायची धडपड करत होती.

मी त्या लोखंडी स्प्रिंगा हातांनी दाबल्या, मग पायांनी. उजव्या हाताची दोन नखे मुळापासून निघाली ते मला घरी आल्यावर कळले. टॅन्झी माझ्याकडे बघत होती. तिची पक्की खात्री होती की मी हे सोडवणार, कारण तिच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट तोवर मीच सोडवली होती. ती खात्री तिच्या डोळ्यांतून शेवटपर्यंत गेली नाही. त्याबद्दल मी देवाला माफ केलेले नाही, आणि हे पाद्रीसाहेबांनी माझ्या दफनाच्या वेळी वाचून दाखवले तरी चालेल.

सापळ्याला नियमाप्रमाणे मालकाच्या नावाची पितळी पट्टी होती. तिच्यावर माझ्या भावाचे नाव होते.

मी टॅन्झीला तशीच, सापळ्यासकट, उचलून खाली आणले आणि डेन्झिलच्या स्वयंपाकघरात गेले. तो आणि त्याची बायको अर्लीन न्याहारी करत होते. मी तिला टेबलावर ठेवले. अर्लीन उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डेन्झिलने हात पुसले आणि दोन्ही हातांनी सापळा असा उघडला, जसा कुणी पिशवीचा बंद सोडावा. मग त्याने माझ्या कोटाच्या खिशाकडे पाहिले. टॅन्झीची दोरी बाहेर लोंबत होती.

“दोरी होती ना जवळ?” तो म्हणाला. “स्प्रिंगेच्या कड्यांतून ओवून ओढली असतीस तर उघडला असता. अर्धं मिनिट लागतं.”

मी विचारले, “ती रोज तिथून जाते हे तुला ठाऊक होतं?”

“ठाऊक होतं.”

“मग?”

“मला रॅकून पाहिजे होतं, विल्डा, कातड्यासाठी. तुझ्या त्या शहरी कुत्र्यांनी खालची सगळी शिकार पळवून लावलीय. जनावर उरलंय ते तुझ्याच टेकडीवर.”

एवढेच बोलणे झाले. टॅन्झीला मी ओढ्याकाठी पुरले आणि वर एक दगड ठेवला. त्याने मुद्दाम केले की बेफिकिरीने, हे मला आजतागायत कळलेले नाही, आणि आता कळून फरक पडणार नाही.

कलम तिसरे. फाटकावरचा फलक.

त्या हिवाळ्यात मी सापळा उघडायला शिकले. दोरी कशी ओवायची, पाय कुठे रोवायचा, कोणती कडी आधी. अर्ध्या मिनिटात जमते, डेन्झिल खोटे बोलला नव्हता. त्याची चित्रे काढून मी फाटकावर फलक लावला. येणाऱ्या प्रत्येकाला मी तिथेच थांबवून आपल्या कुत्र्याच्या दोरीने एकदा करून दाखवायला लावते. काही जण चिडतात; त्यांना मी आत सोडत नाही. आजवर मला तीन पत्रे आली आहेत, तीन वेगवेगळ्या राज्यांतून, की त्यामुळे त्यांचे कुत्रे वाचले. पत्रे कपाटाच्या वरच्या खणात आहेत. फलक रेनाटाने दरवर्षी नव्याने रंगवावा.

कलम चौथे. पोत्यातले सापळे.

अर्लीन २०१८ मध्ये गेली. तिच्या दफनाला मी गेले नाही. त्या दिवशी पेन्सिल्व्हेनियाहून आलेल्या एका कुटुंबाला मी कडा दाखवत होते, आणि वरून चर्चच्या आवारातली काळ्या कपड्यांतली माणसे मुंग्यांएवढी दिसत होती. त्यांनी विचारले, खाली काय आहे. मी म्हटले, माझी भावजय आहे.

पुढच्या वसंतात डेन्झिलने आपले सगळे सापळे धान्याच्या पोत्यात भरून माझ्या ओसरीवर आणून ठेवले. वर एक चिठ्ठी होती, ‘मी सोडून दिलं. यांचं तुला काय करायचं ते कर.’ त्याच्या हिशेबी ते क्षमा मागणे होते. आमच्या घराण्यात याहून जास्त कुणी मागितलेली नाही, हे मी कबूल करते.

मी त्यांचे असे करते: एकूण बावीस सापळे फाटकाच्या दोन्ही खांबांवर ठोकून लावावेत, रस्त्यावरून दिसतील असे. नावाच्या पितळी पट्ट्या काढू नयेत. गंजल्या तर घासून वाचण्याजोग्या ठेवाव्यात.

कलम पाचवे. प्रवेशाची अट.

माझ्या पश्चात ही पायवाट सर्व कुत्र्यांना व त्यांच्या माणसांना खुली राहील, बारा महिने, विनामूल्य. अपवाद एकच. डेन्झिल रॉय प्रॉप्स्ट याने फाटकाच्या आत पाऊल ठेवायचे नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याला हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी त्याला रोज सपाटीवर चालायला सांगितले आहे, आणि सपाट वाट कोणाची आहे ते वर लिहिले आहेच. त्याने गुरांचे डॉक्टर राल्फ किंबल यांना मध्यस्थ घातले. डॉक्टर माझ्याकडे आले, कॉफी प्यायले आणि म्हणाले, “विल्डाबाई, तो मरेल.” मी म्हटले, “मीही मरतेच आहे, डॉक्टर. माझ्यासाठी तुम्ही कुणाकडे गेलात?” ते टोपी घेऊन उठले. मला परावृत्त करणाऱ्यांतले हे पहिले.

दुसरी रेनाटा. तिला मी ही अट वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ भांडी धूत राहिली. मग म्हणाली, “तू गेल्यावर मी त्याला आत घेईन. तू बघायला येणार नाहीस.”

रेनाटा, तुझे मन मला ठाऊक आहे, म्हणून पुढचे वाक्य तुझ्यासाठी आहे. डेन्झिलला एकदा जरी, दयेपोटी, पावसात, अंत्यसमयी, कोणत्याही कारणाने आत घेतले, तर टेकडी तुझ्याकडून जाईल आणि लाकूड कंपनीला लिलावात विकली जाईल. ते वरपासून खालपर्यंत झाडे कापतील. वाट उरणार नाही, ओढ्याचा उतार उरणार नाही, एकाही कुत्र्याला जागा उरणार नाही. यावर देखरेख लीटा बीन करतील. त्यांना हे आवडलेले नाही, पण त्या आपले काम चोख करतात.

मी तुझ्या चांगुलपणाला सापळा लावला आहे. तो कसा लावतात ते मी शिकले आहे.

कलम सहावे. मेबल.

मेबल ही डेन्झिलची कुत्री, निळ्या ठिपक्यांची, लांब कानांची, नऊ वर्षांची. अर्लीनने आणलेली. घरात आता ती दोघेच असतात. मेबलचा काही दोष नाही, म्हणून वरची बंदी तिला लागू नाही. गेल्या एप्रिलपासून तो तिला फाटकापर्यंत आणतो आणि मी तिला आत फिरवते. माझ्यानंतर हे काम रेनाटाने करावे. फाटकाबाहेर पूर्वी एक बाक होता, तो मी काढून टाकला आहे. परत बसवू नये.

गेल्या गुरुवारी सकाळी तो आला तेव्हा काठीवर वाकला होता, ओठ निळसर. मीही कुंपण धरूनच उभी होते. आम्ही दोघे कसे दिसत असू ते टपालवाल्या ग्लेन्नाने गाडीतून पाहिले आणि गाडी हळू केली.

तो म्हणाला, “फक्त ओढ्यापर्यंत, विल्डा. पाणी बघतो आणि परततो. अर्लीनला फार आवडायचं ते.”

अर्लीन कधी आत आली होती हे मला माहीत नव्हते. मी विचारले, कधी. तो म्हणाला, “दर मंगळवारी. तू गावात जायचीस तेव्हा. त्या टॅन्झीच्या दगडावर फुलं ठेवायची. मला म्हणायची, सांगू नकोस.”

दर वसंतात त्या दगडावर मला सुकलेली फुले दिसायची. मला वाटायचे, कुणी वाटसरू असेल.

मी म्हटले, “मेबलला सोड.”

त्याला वाकायला वेळ लागला. त्याने कडी काढली, दोरी गुंडाळून खिशात ठेवली. मेबल माझ्याजवळून पुढे धावली आणि तिने मागे वळून पाहिले नाही. मी तिला अर्धा मैल नेले, पाण्यात उतरू दिले, परत आणले. तासभर लागला. तो तिथेच उभा होता.

“पाण्यात गेली का?” त्याने विचारले.

“गेली,” मी म्हटले आणि फाटक लावले.

मेबल जिवंत असेतोवर त्याला रोज फाटकापर्यंत येण्याचा हक्क राहील. मेबलनंतर राहणार नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एक शब्दही बदललेला नाही.

विल्डा जेन प्रॉप्स्ट (सही)

हॅकल गॅप, ९ ऑक्टोबर २०२४

वरील सही आमच्यासमोर झाली:

१. ग्लेन्ना वॉर्नर, टपाल वाटप (सही)

२. राल्फ किंबल, गुरांचे डॉक्टर (सही). कलम पाचला माझी संमती नाही, मी फक्त सही पाहिली, असे नोंदवावे ही त्यांची विनंती. नोंदवले. वि. प्रॉ.